चार सेलचं घर: फवारणी पंपासाठी लिथियम सेल होल्डर कसा डिझाइन करायचा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या मामांचा पाठीवरचा फवारणी पंप दर दोन टाक्यांना दम टाकायला लागला. आतली लेड-ॲसिड बॅटरी दुसऱ्याच हंगामात गेली होती. "मोबाइलात असते बघ, तसली बसवून दे की," म्हणत त्यांनी पंप माझ्या टेबलावर आणून ठेवला. सेल मिळाले, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की वीज तोडणारी पाटी) मिळाला, सेल एकमेकांना जोडायची निकेलची पट्टी मिळाली. गाडं अडलं ते सेल धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकपाशी.

सेलना चिकटपट्टी गुंडाळून डब्यात कोंबणारे आपल्याकडं कमी नाहीत. मी असे गठ्ठे उघडून बघितलेत. वरून सगळं ठीक दिसतं. चिकटपट्टी काढली की दोन सेल जिथं एकमेकांना टेकले होते तिथलं वेष्टण घासून पातळ झालेलं असतं. मी मुळात पॅटर्नवाला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीला लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करून देण्यात माझा हात बसला, म्हणून मला प्लास्टिकच्या होल्डरमध्येही आधी मापं आणि मोकळी जागा दिसते. होल्डरचं मुख्य काम तेच आहे: दोन सेलमधलं अंतर उन्हात, खड्ड्यात आणि दोन वर्षांनीही होतं तेवढंच ठेवणं. खाली जे सांगतोय ते सगळं त्या अंतराभोवती फिरतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. हे पंप, दिवे, छोटी अवजारं यांच्यापुरतंच आहे. स्कूटर किंवा रिक्षाला घरी बॅटरी बांधायच्या भानगडीत पडू नका. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्यावर अशा गाड्यांच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ या मानकाच्या अटी कडक झाल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यात दोन सेलमधल्या अंतराचा विचार आहे, एक सेल पेटला तर आग पसरते कशी याची चाचणी आहे, पाण्याची चाचणीही आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या ठिकाणी जाऊन ते सिद्ध करावं लागतं. आपल्या टेबलावर ते होत नाही.

आधी डबा मोजा

नवीन माणूस सेल विकत आणतो आणि मग डब्यात बसत नाहीत म्हणून डोकं धरतो. उलट करा. पंपातून जुनी बॅटरी काढा आणि मोजा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची नेहमीची बॅटरी १५१ मिमी लांब, ६५ रुंद आणि ९४ उंच असते. ८ अँपिअर-अवर लिहिलेल्या कित्येक बॅटऱ्यांचं खोकंही तेवढंच. १२ अँपिअर-अवरची १५१ × ९८ असते. मामांच्या पंपात छोट्या खोक्याची, ८ अँपिअर-अवरची होती.

सेल मी एलएफपी घेतले, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. प्रत्येकी ३.२ व्होल्ट, चार ओळीनं (एकाच्या पॉझिटिव्हला दुसऱ्याचं निगेटिव्ह असे) जोडले की १२.८, जुन्या बॅटरीच्या जवळपास. पूर्ण चार्जला १४.६ व्होल्ट. मोबाइल-लॅपटॉपातल्या जातीपेक्षा हे सेल तापल्यावर कमी भडकतात. कमी म्हणालो, अजिबात नाही असं नाही. आतलं इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच असतं.

आकार ३२७००. नावातच माप आहे: व्यास ३२ मिमी, उंची ७०. तसंच १८६५० म्हणजे १८ आणि ६५, २१७०० म्हणजे २१ आणि ७०.

माझा पहिला विचार आठ सेलचा होता, चार-चारच्या दोन ओळी, म्हणजे क्षमता दुप्पट. कागदावर आकडे मांडले आणि गप्प बसलो. ३२ आणि ३२ चौसष्ट, वर मधलं अंतर, वर भिंती: रुंदी सत्तरीच्या पुढं जाते आणि खोक्यात जागा ६५. ओळी मधमाशीच्या पोळ्यासारख्या सरकवून बसवल्या तर रुंदी जेमतेम जमते, पण लांबी १५१ ला जाऊन भिडते आणि अंतर एक मिलिमीटरच्याही खाली येतं. दोन्हीकडून कोंबाकोंबीच. म्हणून चारच सेल, एका ओळीत, ६ अँपिअर-अवर. लेड-ॲसिडमधले आठच्या आठ अँपिअर-अवर काही वापरता येत नाहीत, तेव्हा फार गमावलं असं नाही. ज्याच्या पंपात ९८ रुंदीचं खोकं आहे त्यानं आठ खुशाल बसवावेत.

पोळ्याच्या रचनेबद्दल जाता जाता. ती जागा वाचवते असं सगळे सांगतात. मोठ्या पॅकमध्ये तेरा टक्क्यांपर्यंत वाचतेही. पण १८६५० चे दहा गुणिले चार असे चाळीस सेल २० मिमी अंतरावर मांडून बघा: रुंदी आठ मिमीनं कमी होते, लांबी दहानं वाढते, कडेला अर्ध्या-अर्ध्या सेलएवढे खड्डे फुकट जातात. हिशेबाअंती हातात पाचेक टक्के. पहिल्या कामाला सरळ ओळीच बऱ्या.

आणि १८६५० च वापरणार असाल तर एकमेकांत अडकणारे तयार होल्डर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा बेंगळूरच्या एसपी रोडला अगदी किरकोळ भावात मिळतात. ते आणा आणि खालचा मजकूर फक्त बिघाड कुठं होतो ते कळायला वाचा.

आता व्हर्निअर

सेलवर छापलेल्या नावावर होल्डर काढू नका, व्हर्निअर (मिमीचा दशांश दाखवणारी मोजपट्टी) हातात घ्या. वेष्टणासकट प्रत्येक सेल तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. माझे चार सेल ३२.२ ते ३२.३ भरले. उंची ७०.२ ते ७०.५. यातला सर्वांत मोठा आकडा तुमचा. सरासरी काढायची नाही. सरासरीच्या भोकात जाडा सेल जात नाही.

मग थ्रीडी प्रिंटरवर अख्खा होल्डर छापायच्या आधी एक चाचणीपट्टी छापा: १२ मिमी उंचीची चार भोकं, ३२.२, ३२.४, ३२.६ आणि ३२.८. अशा प्रिंटरवर भोक काढलेल्या मापापेक्षा एक-दोन, कधी तीन-चार दशांश मिमी लहान येतं, आणि प्रत्येक प्रिंटरची खोड वेगळी. पॅटर्नच्या धंद्यात राखाडी बीडाला मीटरमागं १० मिमी आकुंचन धरायची सवय असते. इथंही तसंच, पण आकडा पुस्तकातून न घेता आपल्या मशिनकडून घ्यायचा. अंगठ्यानं दाबल्यावर सेल आत गेला पाहिजे आणि पट्टी उलटी धरली तर पडता कामा नये. माझ्या मशिनवर हे ३२.६ ला जमलं. माझ्याकडं येणारा आयटीआयचा पोरगा प्रत्येक भोक घट्टच करायला बघायचा. त्याला मी सांगितलं, स्वल्प सैल ठेव. घट्ट भोकातून सेल ढकलताना वेष्टण सोललं जातं, आणि ते सोललेलं बाहेरून दिसत नाही. भोकाच्या तोंडाला अर्ध्या मिमीचा उतार द्या म्हणजे धार लागणार नाही.

सैल भोकात सेल खुळखुळतो अशी तक्रार असेल तर भोक आणखी दोन दशांश मोठं करून आत तीन बारीक उभ्या फुगवट्या द्या, गोल माथ्याच्या. सेल त्या किंचित चेपून मध्यभागी बसतो.

अंतर किती, आणि का

सेलचा धातूचा डबा म्हणजे त्याची निगेटिव्ह बाजू. तळच नव्हे, अख्खं अंग निगेटिव्ह, वरच्या टोकाच्या कडेपर्यंत, म्हणजे खांद्यापर्यंत. वरची छोटी टोपी तेवढी पॉझिटिव्ह. ओळीनं जोडलेल्या शेजारच्या दोन सेलच्या अंगांमध्ये म्हणून एका सेलचा पूर्ण व्होल्टेज असतो, आणि आड काय, तर पातळ प्लास्टिकचं वेष्टण. पंप पाठीवर हलतो, मोटर थरथरते, वेष्टण घासतं. दोन डबे टेकले की त्यातला एक सेल थेट शॉर्ट, आणि तोही बीएमएसच्या पाठीमागं, जिथं बीएमएस काही करू शकत नाही.

दुसरं कारण उष्णतेचं. एखादा सेल आतून बिघडून तापायला लागला तर शेजाऱ्यापर्यंत ती उष्णता पोचायला वेळ लागला पाहिजे. हवेचं अंतर तो वेळ देतं.

मी केंद्रापासून केंद्रापर्यंत ३४.२ मिमी धरले. भोक ३२.६, म्हणजे दोन भोकांमधली भिंत सर्वांत बारीक जागी १.६ मिमी, प्रिंटरच्या ०.४ च्या नोझलच्या बरोबर चार रेघा. (३४ धरले असते तर १.४ आले असते, साडेतीन रेघा. मध्ये फट राहते आणि भिंत तिथंच तडकते.) सेलच्या अंगापासून अंगापर्यंत १.९ मिमी. कडेच्या भिंती २ मिमी. एकूण लांबी: तीन वेळा ३४.२, अधिक ३२.६, अधिक ४, म्हणजे १३९.२. रुंदी ३६.६. खोक्यात लांबीला १२ मिमी आणि रुंदीला २८ उरतात. या २८ मध्ये बीएमएसची पाटी उभी बसते.

होल्डर दोन भागांत करा, वरचा आणि खालचा. प्रत्येकाची उंची बारा-तेरा मिमी. मधलं अंग उघडं. सगळा सेल नळीत घालायचा मोह होतो, पण त्यानं उष्णता कोंडते आणि फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) वाया जातं.

कड आणि खाचा

प्रत्येक भोकाच्या टोकाला आत वळलेली कड हवी, नाहीतर सेल आरपार निघून जाईल. मी १.२ मिमी जाड आणि ३ मिमी रुंद ठेवली, म्हणजे पट्टीच्या वेल्डिंगसाठी २६.६ मिमीचं तोंड उघडं राहतं. ही कड आणखी एक काम करते. पॉझिटिव्ह बाजूला टोपी आणि खांदा यांच्यात फार थोडी जागा असते, आणि खांदा निगेटिव्ह. निकेलची पट्टी टोपीवरून बाहेर येताना याच खांद्यावरून जाते. कड खांदा झाकते. तरीही पॉझिटिव्ह टोकावर फिश पेपरची (वीजरोधक जाड कागदाची) चिकट रिंग लावाच. मी एकदा एका सेलची रिंग विसरलो. वेल्डिंगचा दांडा दाबला, पट्टी खांद्यात रुतली आणि डोळ्यांदेखत लाल झाली. पक्कड हाताशी होती म्हणून उपटता आली.

आता खाचा. पट्टी एका सेलवरून दुसऱ्यावर जाते ती कडेवरून, म्हणून तिथं खाच लागते: १० मिमीच्या पट्टीला साडेदहा मिमी रुंद आणि ०.८ खोल. खाच उथळ राहिली तर पट्टी टोपीपासून अधांतरी राहते, आणि अधांतरी पट्टीचं वेल्ड पहिल्या खड्ड्यात सुटतं.

पण खरी गंमत खाच कुठं द्यायची यात आहे. चार सेल ओळीनं जोडताना ते आलटून-पालटून उभे राहतात: पहिला सरळ, दुसरा उलटा, तिसरा सरळ, चौथा उलटा. खाली पहिला-दुसरा जोडायचे आणि तिसरा-चौथा. वर फक्त दुसरा-तिसरा. पहिल्याचं पॉझिटिव्ह आणि चौथ्याचं निगेटिव्ह, दोन्ही वरच मोकळी राहतात, तिथून बाहेरच्या तारा निघतात. तेव्हा खालच्या भागाला दोनच खाचा द्या, वरच्या भागाला मधली एक. बाकी ठिकाणी कड अखंड. म्हणजे रात्री अकराला झोपेत वेल्डिंग करत असलात तरी चुकीची पट्टी बसतच नाही. तयार होल्डरमध्ये खाचा चारी बाजूंना असतात, कारण त्यांना सगळ्यांची सोय करायची असते. आपण आपल्या एका पॅकसाठी काढतोय, तर त्याचा फायदा घ्यावा. प्रत्येक भोकाशेजारी अधिक-उणे चिन्ह उठावाचं छापा. माझ्या पहिल्या होल्डरवर ते नव्हतं आणि मी मार्करनं लिहिलं होतं; स्पिरिटनं पुसताना तेही गेलं.

बीएमएसच्या पाच तारांनाही वाट हवी: दोन टोकं आणि तीन जोड. भिंतीत दोन मिमीच्या पन्हळी काढा, म्हणजे तारा सेल आणि खोक्यामध्ये चिरडणार नाहीत. तापमानाचा सेन्सर दुसऱ्या आणि तिसऱ्या सेलच्या मध्ये ठेवा. मधल्या सेलची उष्णता सर्वांत उशिरा बाहेर पडते.

दोन भाग जोडायला कोपऱ्यांत एम३ चे, म्हणजे ३ मिमीचे, चार बोल्ट. गोल भोक आणि चौकोनी कोपरा यांच्यात साडेनऊ मिमी जागा आपसूक मिळते. बोल्टवर प्लास्टिकची नळी घाला आणि तिची लांबी अशी ठेवा की दोन कडांमधलं अंतर तुमच्या सर्वांत उंच सेलपेक्षा ०.२ मिमी जास्त भरेल. ताण नळीवर यावा, सेलच्या खांद्यावर नको. बोल्ट नायलॉनचे मिळाले तर उत्तम.

प्लास्टिक

प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते पीएलए नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मी पहिला होल्डर पीएलएचाच छापला, दिसायला सुरेख. एप्रिलमध्ये निपाणीला एका लग्नाला गेलो आणि तो गाडीच्या मागच्या काचेखाली विसरलो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर भिंती बाहेर झुकलेल्या, मधलं अंतर एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला तीन मिमी. सेल आत नव्हते एवढंच नशीब. पीईटीजी ऐंशीपर्यंत तग धरतं, एबीएस शंभराच्या पुढं, पॉलिकार्बोनेट १४० च्या वर. अथणी-रायबागच्या उन्हात टिनाच्या शेडमध्ये पंप ठेवणारा शेतकरी डोळ्यांपुढं आणा आणि एबीएसच्या खाली उतरू नका.

शक्य असेल तर आग-विरोधक जात घ्या, जिच्यावर व्ही-झिरो लिहिलेलं असतं. उभ्या पट्टीला ज्योत लावून काढली की दहा सेकंदांत विझते आणि पेटते थेंब पडत नाहीत, असा त्याचा अर्थ. मात्र हा दर्जा ठरावीक जाडीला दिलेला असतो. ३ मिमीला व्ही-झिरो असलेलं प्लास्टिक १.६ मिमीच्या भिंतीत तसंच वागेल याची हमी नाही. पुरवठादाराच्या कागदावर जाडीचा रकाना बघा.

छापताना कडेची बाजू प्रिंटरच्या पाटाला टेकवा आणि भिंती वर वाढू द्या. आधार लागत नाही आणि कड सपाट येते. शंभर-दोनशे नग लागणार असतील तर डायचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक भरायच्या धातूच्या साच्याचा, विचार करा. एबीएस ०.४ ते ०.७ टक्के आकसतं, म्हणजे १३९ मिमीच्या लांबीला साधारण पाऊण मिमी. डायवाल्याला चित्र देताना हे त्याने धरलंय की तुम्ही, एवढं एकदा बोलून घ्या. दोघांनीही धरलं तर होल्डर मोठा येतो.

लाकडी सेल

खरे सेल घालायच्या आधी खराद्यावर लाकडाचे चार गोल कातून घ्या, ३२.३ व्यासाचे, ७०.५ उंचीचे. पॅटर्नवाला कोणीही चहाच्या पैशांत करून देईल. ते होल्डरमध्ये घालून सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. थंड झाल्यावर दोन लाकडांमधलं अंतर व्हर्निअरनं पुन्हा मोजा. मग लाकडं पोखरून आत छर्रे भरा, सेलचं वजन साधारण १४० ग्रॅम येतं तेवढं, आणि होल्डर मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून जांबोटीकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं एक फेरी मारा. पावसाळ्यानंतर गेलात तर एका फेरीत काम होतं. परत आल्यावर बोल्ट, कोपरे आणि भिंतींचा पातळ भाग बघा. मला इथं कडेला केसाएवढी चीर सापडली होती. कोपऱ्याला गोलाई दिली नव्हती. १ मिमीची दिली आणि पुन्हा चीर गेली नाही.

बसवताना

पट्टी शुद्ध निकेलची आहे ना ते तपासा. एका तुकड्यावर खोल ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज आला तर आतून लोखंड आहे. फवारणीच्या पंपात औषधाचं पाणी झिरपतंच, तिथं असली पट्टी हंगामभरही टिकत नाही.

चारही सेलचे व्होल्टेज सारखे करून घ्या. एका बाजूचं वेल्डिंग चालू असताना दुसरी बाजू फिश पेपरनं झाकलेली ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ काढून बाजूला. बाहेर जाणाऱ्या पॉझिटिव्ह तारेवर फ्यूज, बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

उंची कडांसकट ७३, वर-खाली इन्सुलेशन धरून ७४. खोक्यात ९४. उरलेले वीस मिमी सगळे वर ठेवू नका, दहा-दहा वाटून द्या. सेल बिघडला तर वायू पॉझिटिव्ह टोकाकडून बाहेर पडतो, आणि आपले सेल आलटून-पालटून असल्यानं तशी टोकं वरही आहेत आणि खालीही. त्या जागेत थर्माकोल किंवा साधा फोम भरू नका. होल्डर चार कोपऱ्यांवर टेकवा आणि तोंडांसमोरची हवा मोकळी सोडा.

चिकटवायचंच असेल तर हॉट ग्लू नको, उन्हात सुटतो. सिलिकॉन वापरा, पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते नको. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि पट्टी, तारा, बीएमएसचे टाके (सोल्डरचे जोड) खातं. नळीवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागून घ्या.

जुना चार्जर मामांच्या घरातून उचलूनच आणा, नाहीतर तो लावला जातो. एलएफपीसाठी १४.६ व्होल्टचा वेगळा चार्जर द्या आणि त्याच्या वायरला रंगीत टेप लावा. उन्हातून आणलेला पंप लगेच चार्जिंगला लावायचा नाही, सावलीत तासभर निवू द्यायचा, हेही सांगा. मामांना मी दोनदा सांगितलं, मामींना एकदा. चार्जिंगला मामीच लावतात.

पंधरा दिवसांच्या फवारणीनंतर खोकं एकदा उघडा. बोल्ट ढिले झालेत का, पन्हळीतल्या तारा जागेवर आहेत का बघा, आणि व्हर्निअर घेऊन सेलमधलं अंतर मोजा. १.९ होतं. १.९ भरलं तर झाकण लावून पंप परत द्या.